१४० आमदार आणि वहीचा एक कागद

पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: १९७२ साली गुजरातमध्ये काँग्रेसचे १६८ पैकी १४० आमदार निवडून आले, बाकी सगळे मिळून २८. तरी चिमणभाई पटेलांचं सरकार सात महिन्यांच्या आत गेलं. अविश्वास ठराव आला नाही, आमदार फुटले नाहीत. पुस्तकात एकच ओळ आहे की नवनिर्माण आंदोलनामुळे सरकार कोसळलं. कोसळलं म्हणजे नेमकं काय झालं? आणि शेजारच्या देशांत अलीकडे जे झालं ते हेच का?

प्रश्न अगदी वर्मावर आहे. मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. तेव्हा महाराजा सयाजीराव विद्यापीठात राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि त्या आंदोलनात होतो. पुढे चौतीस वर्षं वार्ताहर म्हणून विधिमंडळाचं कामकाज पाहिलं, आधी गांधीनगरला, मग मुंबई-नागपूरला. त्यामुळे हे उत्तर अर्धं आठवणीचं आहे आणि अर्धं धंद्यातून शिकलेलं.

पहिली गोष्ट. 'सरकार कोसळलं' या दोन शब्दांत तीन वेगळ्या घटना दडल्या आहेत. ९ फेब्रुवारी १९७४ला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. मार्चच्या मध्यावर विधानसभा बरखास्त झाली. आणि नवं सरकार निवडून यायला जून १९७५ उजाडलं. या तीन तारखांमध्ये प्रत्येक वेळी कोण कोणावर दबाव आणत होतं ते पाहिलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. पुस्तकात त्यांची मोळी बांधलेली असते, म्हणून ते गूढ वाटतं.

आता १४० या आकड्याबद्दल. तो आकडा चिमणभाईंचा नव्हताच. मार्च १९७२ची निवडणूक बांगलादेश युद्धानंतर लगेच झाली. मतं इंदिरा गांधींच्या नावावर पडली आणि मुख्यमंत्रीही दिल्लीच्या पसंतीचे झाले, घनश्याम ओझा. चिमणभाईंनी त्यांना पक्षातूनच हटवलं. त्यासाठी अहमदाबादजवळच्या पंचवटी फार्मवर आमदार जमवून ठेवले होते. आज रिसॉर्टवर आमदार नेण्याची बातमी वाचताना तुम्हाला काही वाटत नसेल, पण तेव्हा 'पंचवटी' हा शब्द गुजरातमध्ये शिवीसारखा वापरला जायचा. विधिमंडळ पक्षात मतदान झालं, त्यांचे पक्षातलेच प्रतिस्पर्धी कांतिलाल घिया यांचा गट थोडक्यात हरला आणि जुलै १९७३मध्ये चिमणभाई मुख्यमंत्री झाले. म्हणजे पहिल्या दिवसापासून दिल्ली नाराज, आणि पक्षातला जवळजवळ अर्धा गट पाय ओढायला टपलेला. कागदावर १४०, पण स्वतःच्या पायाखालची जमीन तेवढी नव्हती. विधिमंडळ पाहणाऱ्या माणसाला हे चटकन कळतं: बहुमत मोजताना नेहमी विचारावं, हे आमदार कोणाच्या नावावर निवडून आले आणि संकटात कोणाकडे पाहतील?

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आमच्या घरात बोलली जायची. चिमणभाई आमच्याच विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे पहिले अध्यक्ष होते, १९५० साली. पुढे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, कॉलेजं काढली, गुजरात विद्यापीठाच्या राजकारणात त्यांचा मोठा दबदबा होता. त्यामुळे विद्यार्थ्यांची चळवळ कशी पेटते हे त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. उलट कॉलेजांच्या राजकारणात त्यांनी इतक्या प्राध्यापकांना दुखावलं होतं की पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा शिक्षकांच्या संघटना त्यांना अडवायला गेल्या नाहीत, सोबत चालल्या.

ठिणगी पडली ती जेवणावरून. २० डिसेंबर १९७३ला अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी संप केला, कारण वसतिगृहाच्या मेसचं बिल वीस टक्क्यांनी वाढलं होतं. ३ जानेवारीला गुजरात विद्यापीठात पुन्हा तसाच संप आणि पोलिसांशी चकमक. ७ जानेवारीपासून बेमुदत संप. १० जानेवारीला अहमदाबाद आणि बडोदा बंद. मेसच्या बिलापासून दोन शहरं बंद होईपर्यंत तीन आठवडे.

मेसचं बिल का वाढलं, हे मात्र नीट समजून घ्या. १९७२चा दुष्काळ महाराष्ट्रासारखाच गुजरातलाही पोळून गेला होता. १९७३च्या शेवटी अरब देशांनी तेलाचे भाव वाढवले. केंद्राकडून मिळणारा गव्हाचा कोटा कमी झाला. आणि गुजराती स्वयंपाकाचा जीव ज्यात, ते सिंगतेल, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, आवाक्याबाहेर गेलं. सौराष्ट्रातल्या बड्या तेल व्यापाऱ्यांना लोक 'तेलिया राजा' म्हणायचे. चिमणभाईंनी या व्यापाऱ्यांना भाव वाढवू दिले आणि त्या बदल्यात पक्षाच्या निवडणूक निधीसाठी पैसा घेतला, असा उघड आरोप होता. तो खरा होता की नाही हे या उत्तरात ठरवता येणार नाही. पण तेलाच्या डब्याचा भाव रोज घरात दिसत होता आणि लोकांनी तो आरोप आपल्या ताटाशी जोडला. त्यातून घोषणा आली, 'चिमन चोर'. दोन शब्दांची, यमक नसलेली, लहान पोरालाही म्हणता येणारी.

इथे महाराष्ट्राचा एक धागा आहे आणि तो मराठी वाचकांना माहीत असायला हवा. मुंबईत १९७२पासून मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका महागाईविरुद्ध रस्त्यावर येत होत्या. हातात लाटणं, थाळी. गुजरातमधला थाळीनाद त्याच वाटेने आला. ठरलेल्या वेळी रात्री घरोघरी थाळ्या वाजायच्या. आमच्या वाड्यात माझी आई गॅलरीत उभी राहून परात वाजवायची आणि समोरच्या गुजराती मोटीबेन त्यांच्या ओट्यावरून. त्या दोघी एरवी राजकारणावर अवाक्षर बोलत नसत. संचारबंदी असली तरी घरात उभं राहून थाळी वाजवणाऱ्याला पोलीस काय करणार? त्या आवाजाने आंदोलन कॉलेजातून स्वयंपाकघरात आलं. माझ्या मते सरकारचा पाया हलला तो त्या रात्री, बस जाळल्या त्या दिवशी नव्हे. बस जळतात तेव्हा घाबरलेला मध्यमवर्ग सरकारच्या मागे जातो. थाळी वाजवणारी बाई घाबरलेली नसते.

बाकीचे प्रकारही होते: प्रेतयात्रा, रस्त्यावरची खोटी न्यायालयं, मृत्युघंट. बँका, विमा आणि शाळांमधल्या कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी मिळून चौदा ऑगस्ट श्रमजीवी समिती केली होती, ती सोबत आली. विद्यार्थ्यांची नवनिर्माण युवक समिती झाली, अहमदाबादेत मनीषी जानी तिचे अध्यक्ष. अहमदाबादचे खासदार पुरुषोत्तम मावळंकर हे पहिले लोकसभा अध्यक्ष दादासाहेब मावळंकरांचे चिरंजीव. ते अपक्ष होते, राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. मराठी घरातला माणूस अहमदाबादकरांच्या मनात काय जागा मिळवू शकतो, हे आम्ही बडोद्याचे मराठी पोरं त्यांच्याकडे पाहून शिकलो.

२५ जानेवारीला राज्यभर बंद झाला, तीसहून जास्त गावांत पोलिसांशी चकमकी झाल्या. एकूण चाळीसहून अधिक ठिकाणी संचारबंदी लागली. २८ जानेवारीला अहमदाबादेत लष्कर बोलावलं. आंदोलन संपेपर्यंत किमान शंभर माणसं गेली, हजारोंना अटक झाली. या आकड्यावरून लवकर पुढे जाऊ नका. त्यात शाळकरी मुलं होती, बंद पाहायला गल्लीच्या तोंडाशी आलेली माणसं होती. सरकार पाडल्याच्या गोष्टी सांगताना आमच्या पिढीतले पुष्कळ लोक रंगून जातात, मीही गेलो आहे. पण गोळी लागलेल्या एका मुलाला सयाजी हॉस्पिटलात नेताना मी हातगाडी ढकलली होती, आणि तो पोहोचला तेव्हा जिवंत नव्हता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याच्या घरची माणसं आहेत.

आता मुद्द्यावर येऊ. लष्कर आलं म्हणून सरकार वाचतं का? उलटं होतं. राज्याचं सरकार स्वतःच्या पोलिसांच्या बळावर चालतं. ज्या दिवशी मुख्यमंत्र्याला लष्कर मागावं लागतं, त्या दिवशी दिल्लीच्या हातात दोरी जाते, कारण लष्कर दिल्लीचं. दिल्लीला या मुख्यमंत्र्याबद्दल आधीच प्रेम नव्हतं. घियांचा गट वाट पाहत होताच. राज्यघटनेच्या कलम १६४ प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं, आणि विधानसभेत तर काहीच घडलं नव्हतं. बहुमत जागच्या जागी होतं. इंदिरा गांधींनी चिमणभाईंना राजीनामा द्यायला सांगितलं आणि ९ फेब्रुवारीला त्यांनी तो दिला. म्हणजे पहिलं उत्तर असं: रस्त्याने सरकार थेट पाडलं नाही. हे सरकार सांभाळणं दिल्लीला परवडेनासं होईल, एवढी त्याची किंमत रस्त्याने वाढवली. पाडलं पक्षश्रेष्ठींनी.

याचा पुरावा हवा असेल तर बिहार बघा. मार्च १९७४मध्ये तिथेही विद्यार्थी उठले, जयप्रकाश नारायणांनी नेतृत्व केलं, आमदारांच्या राजीनाम्याची तीच मागणी, घेराव तेच, गर्दी कदाचित गुजरातहून मोठी. पण अब्दुल गफूर यांचं सरकार दिल्लीने ठरवून टिकवलं. गुजरातमध्ये वाकलो, आता पुन्हा वाकायचं नाही, हा तिथला निश्चय होता. गफूर गेले ते थेट एप्रिल १९७५मध्ये, आणि त्यांच्या जागी काँग्रेसचेच जगन्नाथ मिश्र आले. विधानसभा तशीच राहिली. तीच शस्त्रं, दोन निकाल. फरक गर्दीत नव्हता, वरच्या खुर्चीत होता.

राजीनाम्याच्या रात्री आम्ही बडोद्यात सुरसागरच्या काठावर नाचलो. गुळाचे खडे वाटले, साखर परवडत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या विभागातले एक सर भेटले. त्यांनी विचारलं, "विधानसभा कुठंय?" आम्हाला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी बाकावर बसवून समजावलं. राज्यपाल के. के. विश्वनाथन यांच्या अहवालावरून राष्ट्रपती राजवट लागली होती, पण विधानसभा बरखास्त झाली नव्हती, निलंबित होती. म्हणजे आमदार आमदारच होते. त्यांचे पगार चालू, पक्ष तोच, १४० तेच. वातावरण निवलं की दिल्ली त्यातल्याच दुसऱ्या कोणाला तरी मुख्यमंत्री करणार आणि राजवट उठवणार. आपण एक माणूस हटवला, त्याला निवडणारी माणसं कायम आहेत. सर म्हणाले, "खुर्ची रिकामी झालीय, घर नाही."

पत्रकार झाल्यावर हा फरक मी शेकडो वेळा लोकांना समजावून सांगितला. राजवट लागली अशी बातमी आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, विधानसभा निलंबित की बरखास्त? निलंबित असेल तर पडद्यामागे जुळवाजुळव चालू आहे. तुमच्या परीक्षेसाठी एक भर घालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४च्या बोम्मई निकालानंतर केंद्राला विधानसभा तडकाफडकी बरखास्त करता येत नाही. राजवटीला संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळेपर्यंत ती फक्त निलंबित ठेवता येते. १९७४ला हे बंधन नव्हतं. केंद्राने मनावर घेतलं असतं तर त्याच दिवशी बरखास्त झाली असती. तसं करायचं नव्हतं, म्हणून केली नाही.

तर आंदोलनाची दुसरी मागणी आली, विधानसभा विसर्जन. इथे अडचण अशी की आपल्या घटनेत निवडून दिलेल्या आमदाराला मुदतीआधी परत बोलावण्याचा हक्क मतदाराला नाही. मग उपाय एकच उरतो, आमदाराने स्वतः राजीनामा द्यायचा. कलम १९० तेव्हा अगदी साधं होतं: सदस्याने स्वतःच्या सहीचा कागद विधानसभा अध्यक्षांच्या नावे दिला की जागा रिकामी. चौकशी नाही, मुदत नाही. एक कागद.

संघटना काँग्रेसच्या, म्हणजे १९६९च्या फुटीत इंदिरा गांधींपासून वेगळ्या झालेल्या काँग्रेसच्या, आमदारांनी फेब्रुवारीच्या मध्यावर राजीनामे दिले. जनसंघाच्या तिघांनीही दिले. ते विरोधकच होते, त्यांना त्यात राजकीय फायदा होता. पण मार्चपर्यंत राजीनाम्यांचा आकडा ९५ वर गेला. आता गणित करा. विरोधक आणि अपक्ष सगळे धरले तरी २८. म्हणजे सत्ताधारी काँग्रेसचे किमान ६७ आमदार आपल्या पक्षाचं निर्विवाद बहुमत असलेल्या विधानसभेतून स्वतःच्या सहीने बाहेर पडले. ते का पडले?

मी एका ठिकाणी होतो, तेवढं सांगू शकतो. बडोद्याजवळच्या एका गावातले आमदार. माझ्या वडिलांच्या ओळखीचे, आमच्या मुंजीला आलेले. आम्ही साठ-सत्तर जण सकाळी त्यांच्या दारात बसलो. दुपारपर्यंत तीनशे झालो. त्यांच्या पत्नीने दोन वेळा घागरभर पाणी बाहेर पाठवलं. आम्ही ते प्यायलो आणि पुन्हा घोषणा दिल्या. तोवर इतर गावांतल्या बातम्या सगळ्यांना ठाऊक होत्या, आमदारांच्या तोंडाला काळं फासल्याच्या, गाढवावर बसवायच्या धमक्यांच्या. आमच्यातल्या कोणी हात उचलला नाही. पण दारात एक गाढव आणून बांधलं होतं. कोणी आणलं ते मला माहीत नाही, सोडून द्या असंही मी म्हटलं नाही. चारच्या सुमारास ते बाहेर आले. लेटरहेड नव्हतं, माझ्या वहीतला कागद फाडून दिला. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली. हात थरथरत होता. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "वडिलांना नमस्कार सांग."

मी तो नमस्कार वडिलांना सांगितला नाही. पुष्कळ वर्षांनी, ते आमदार वारल्यावर सांगितला.

त्या कागदाचं काय झालं, ते देशाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. १९७४ मध्येच संसदेने तेहेतिसावी घटनादुरुस्ती केली. तिच्यामुळे कलम १०१ आणि कलम १९० बदललं. राजीनामा स्वेच्छेने दिलेला आणि खरा आहे याची अध्यक्षांची खात्री झाली पाहिजे. तशी ती नसेल तर त्यांनी तो स्वीकारायचा नाही. ही दुरुस्ती गुजरातमुळे झाली. म्हणजे आमच्या वहीच्या कागदामुळे झाली, असं मी मानतो. राज्यघटनेच्या पुस्तकात 'स्वेच्छेने' हा शब्द दिसला की मला ते दारात बांधलेलं गाढव दिसतं. या दुरुस्तीचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. जमावापासून आमदाराला वाचवायला आणलेली तरतूद २०१९ला कर्नाटकात आणि २०२०ला मध्य प्रदेशात राजीनाम्यांच्या वादात केंद्रस्थानी आली. तेव्हा दारात जमाव नव्हता, आमदार दुसऱ्या राज्यातल्या हॉटेलात होते, आणि अध्यक्ष खात्री करून घ्यायला वेळ घेत होते. त्यांनी वेळ किती घ्यावा यावर प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली.

मला कोणी विचारतं, मग तुमचं आंदोलन चुकलं का? नाही. पाच वर्षांसाठी निवडून दिलेल्या माणसांनी दुसऱ्याच वर्षी फार्मवर बसून मुख्यमंत्री बदलला, तेल महाग झालं, लोक मेले, आणि त्यानंतरही तीच सभा पुन्हा खुर्च्या वाटून घेणार होती. त्याविरुद्ध उभं राहणं बरोबर होतं. पण राजीनामा मागणं आणि तो काढून घेणं यांत अंतर आहे. आम्ही ते अंतर त्या दुपारी ओलांडलं. दोन्ही खरं आहे, आणि या वयात त्यातलं एक लपवण्याची मला गरज वाटत नाही.

तरीही ९५ राजीनाम्यांनी विधानसभा आपोआप विसर्जित झाली नाही, हे लक्षात घ्या. निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या झाल्या तरी कायद्याने पोटनिवडणुका घेता येतात. शेवटचा धक्का मोरारजी देसाईंनी दिला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते बेमुदत उपोषणाला बसले आणि काही दिवसांत विधानसभा बरखास्त झाली.

मोरारजींचं नाव आलं की मराठी घरात हवा बदलते. आमच्या आजीला ते नाव ऐकवत नसे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेच होते. हुतात्मा चौकातल्या नावांकडे पाहून मोठं झालेल्या माणसाला मोरारजींनी जनआंदोलनासाठी जीव पणाला लावला, हे पचायला जड जातं. आणि हे फक्त मराठी माणसाचं दुखणं नाही. १९५६ला अहमदाबादेत काँग्रेस हाऊससमोर महागुजरातच्या, म्हणजे वेगळ्या गुजरात राज्याच्या, मागणीसाठी आलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, तेव्हाही सरकार त्यांचंच होतं. नंतर ते अहमदाबादेत उपोषणाला बसले, तेव्हा शहराने दारं बंद करून त्यांच्याकडे पाठ फिरवली. अठरा वर्षांनी त्याच गुजरातसाठी त्यांनी उपोषण केलं आणि त्यांच्या जिवाची काळजी दिल्लीला पडली. आजी म्हणाली, "माणूस तोच आहे, बाजू बदलली." मी तेव्हा तिच्याशी वाद घातला. आता म्हणेन की दोघांचंही थोडं बरोबर होतं. उपोषणाचं बळ माणसाच्या वजनावर असतं, आणि त्या वेळी त्यांचं वजन सत्तेच्या बाहेर राहिल्यामुळे वाढलेलं होतं.

शेजारच्या देशांबद्दल थोडक्यात. ऑगस्ट २०२४मध्ये ढाक्यात शेख हसीना गेल्या, सप्टेंबर २०२५मध्ये काठमांडूत ओलींनी राजीनामा दिला. तिथे पंतप्रधान हीच शेवटची खुर्ची होती. ती रिकामी झाली की पुढचं सगळं नव्याने उभं करावं लागतं, म्हणून तिथे लगेच हंगामी सरकारं आली. भारतातल्या राज्यात तसं होत नाही. मुख्यमंत्री गेला की राज्यपाल असतो, वर दिल्ली असते, सचिवालय दुसऱ्या दिवशी उघडतं. त्यामुळे राज्याचं सरकार पाडणं तुलनेने सोपं आहे. पण पाडल्यावर सत्ता लोकांकडे येत नाही, दिल्लीकडे जाते. गुजरातमध्ये फेब्रुवारी १९७४ ते जून १९७५ असं जवळजवळ दीड वर्ष निवडून आलेलं सरकार नव्हतं. या काळात आमची समिती विस्कटली. विधानसभा बरखास्त करा, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. तेलाचा भाव कोणी कसा बांधायचा, कॉलेजांचा कारभार कोणाच्या हाती द्यायचा, यावर आमच्या बैठका भांडणात संपायच्या. काही जण पक्षांत गेले, काही गावांत कामाला गेले, बरेच परीक्षेला बसले. मीही बसलो.

निवडणूक घ्या म्हणून मोरारजींना एप्रिल १९७५मध्ये पुन्हा उपोषण करावं लागलं. जूनमध्ये मतदान झालं. विधानसभा आता १८२ जागांची होती. काँग्रेस ७५वर आली. चिमणभाईंनी काँग्रेसबाहेर पडून किसान मजदूर लोक पक्ष काढला होता. ते स्वतः हरले, पण त्यांचे १२ जण निवडून आले. विरोधकांच्या जनता मोर्चाला स्वबळावर बहुमत नव्हतं. बाबूभाई जशभाई पटेलांचं सरकार या बारांच्या पाठिंब्यावर उभं राहिलं. 'चिमन चोर' म्हणत आम्ही जे घर पाडलं, त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या घराला खांब त्यांचाच लागला. हे ऐकून आमच्यातला एक मित्र दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तेच चिमणभाई १९९०ला पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९९४मध्ये त्या पदावर असतानाच वारले.

गुजरातचे निकाल लागले तो दिवस १२ जून १९७५. त्याच दिवशी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली.

आणि इथे त्या बारांच्या टेकूवरच्या, तडजोडीच्या, आम्हाला लाज वाटणाऱ्या सरकारने एक काम केलं, ज्याची नोंद पुस्तकात क्वचित असते. देशभर धरपकड चालू असताना गुजरातमध्ये ते सरकार होतं म्हणून श्वास घेता येत होता. बाहेरच्या राज्यांतून भूमिगत माणसं तिथे येऊन राहत होती. आमच्या वाड्यातही तीन महिने एक गृहस्थ राहिले, आईने त्यांचं नाव कधी विचारलं नाही. पुरुषोत्तम मावळंकर लोकसभेत उभं राहून आणीबाणीविरुद्ध बोलत होते. मार्च १९७६मध्ये बाबूभाईंचं सरकार पडलं, या वेळी कोणत्याही मोर्चाशिवाय, सभागृहातल्या संख्येने. पुढे बाबूभाई स्वतः तुरुंगात गेले. आमच्याकडचे गृहस्थ त्याआधी एका पहाटे सामान घेऊन निघाले होते, सुरतेच्या गाडीने.